दोन चिमट्या जास्त

मेहर महिना, तारीख ५

तूबा,

तीन वर्षांत पहिल्यांदा तुला लिहितेय, तेव्हा आधीच सांगून टाकते की ही चिठ्ठी समेटाची नाही, कामाची आहे.

काल तुझ्या शेतात एक माणूस टेप घेऊन फिरत होता. मी विचारलं, "काय हरवलंय?" तर म्हणाला, "काही नाही, खाला. मोजतोय. हे शेत मी घेतोय." हाजी मुकर्रम त्याचं नाव. कायेनला त्याची दोन दुकानं आहेत आणि तोंडात एक दात सोन्याचा आहे. तुझं-त्याचं बोलणं झालंय म्हणे. सख्ख्या बहिणीची बातमी मला त्या सोन्याच्या दातातून ऐकावी लागली.

त्याला केशर नको आहे. कंद उपटून टाकणार आणि तिथे झेरेश्कची झुडपं लावणार. झेरेश्क वाईट आहे असं मी म्हणत नाही, भातावर ती आंबट लाल फळं मीही वाटीभर घेते. पण ते कंद बाबांनी गाढवावर लादून आणले होते, आणि आपण दोघींनी ते एकेक करून सरीत बसवले होते, टोक वर, मूळ खाली. तू अर्धे उलटे लावलेस आणि मी ते परत सरळ केले. तुला आठवत नसेल. मला आठवतं.

तू मशहदला गेल्यापासून तुझं शेत मी बघते. निम्मं केशर दर वर्षी डब्यात घालून बसवाल्याच्या हाती पाठवते. पोचल्याचा निरोप कधी येत नाही, पण डबा रिकामा होऊन परत येतो, म्हणजे पोचत असावं. एवढ्या कष्टाबद्दल एकच मागते: फुलांचे दिवस होईपर्यंत थांब. हाजीला सांग, आझर महिन्यात बोलू. पाण्याचं नेहमीसारखंच. पहिलं पाणी माझ्या शेताला, तुझ्या शेताला दहा दिवसांनी. आधी माझी फुलं येतील, ती खुडून हात मोकळे झाले की तुझी. सगळं गाव असं आगेमागे पाणी देतं, म्हणून तर एकमेकांच्या हातांवर सगळ्यांची फुलं निघतात.

आणि ते जुनं. तू अजून धरून बसली आहेस. तुझ्या यदुल्लाच्या लग्नात खिरीला केशराचा रंग चढेना, तेव्हा मी काय म्हणाले? "दोन चिमट्या जास्त टाका, तूबाच्या घरचं आहे." एवढंच. मागे नवरीकडची माणसं बसली होती हे मला काय पाठीला डोळे आहेत म्हणून दिसणार होतं? त्यावर तू पळी खाली ठेवलीस आणि तिसऱ्या दिवशी मुला-सुनेबरोबर बसमध्ये चढलीस. खीर ढवळताना माणूस काहीबाही बोलतं. त्यासाठी कुणी गाव सोडतं का?

दुकानातून फोन केला असता, पण दुकानदार गिऱ्हाईक सोडून ऐकत बसतो. शिवाय साक्षरतेच्या वर्गात मी तुझ्याआधी लिहायला शिकले होते, तर म्हटलं लिहावं.

गुलअंदाम


मेहर, तारीख १९

तूबा,

हाजी मुकर्रमकडून कळलं की तू त्याला फुलं होईपर्यंत थांबायला सांगितलंस. बरं केलंस. मला कळवलं असतंस तर आणखी बरं केलं असतंस.

आता इकडे एक घोळ झालाय. रागावू नकोस, माझा काही दोष नाही.

बरातअलीला तू ओळखतेसच. गावाच्या पाण्याच्या पाळ्या तोच वाटतो. पण त्याच्या डोळ्यांवर आता एवढा पडदा आलाय की मागच्या आठवड्यात आमच्या गाढवाला सलाम घालून पुढे गेला. परवा सकाळी माझ्या शेताची पाळी होती. त्यानं माझ्या पाटाचं दार उघडलं आणि तुझंही उघडून ठेवलं. मी घरी भाकऱ्या भाजत होते. येऊन बघते तर दोन्ही शेतं काठोकाठ भरलेली, आणि हा बांधावर बसून चहा पितोय. मी म्हटलं, "अरे बाबा, तूबाचं पाणी दहा दिवसांनी!" तर म्हणाला, "अस्सं? मला वाटलं एकच शेत आहे."

आता काय करणार? एकदा पाणी प्यायलं की कंद जागा होतो, त्याला परत झोपवता येत नाही. आज दोन्ही शेतांची वरची माती खरवडून मोकळी केली, कोंब अडू नयेत म्हणून. म्हणजे साधारण पुढच्या महिन्यात, आबानच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे एकाच पहाटे फुलं येणार. आणि फूल तर उन्हाच्या आधी खुडलं पाहिजे, उन्हात ते मान टाकतं. हे तुला काय सांगायचं.

खुडायला माणसं किती, ते सांगते. मी आहे. नवरा म्हणून सफर आहे, पण त्याचे गुडघे नाहीत. सून माहजबीनला सातवा महिना लागलाय. ती वाकली तर तिला उभं करायला दोघं लागतात, म्हणजे एक माणूस वाढून दोन कमी होतात. शेजारच्या सनोबरची फुलंही त्याच दिवसांत.

सनोबर म्हणाली, "मी या गावात नांदायला आल्यापासून असं कधी झालं नाही गं. दोन बहिणींची शेतं एका पाण्यात?" मग डोळे बारीक करून म्हणाली, "आता बोलाव तुझ्या तूबाला."

मी म्हटलं, "मी कशाला बोलावू?"

तुलाही तेच सांगते. मी बोलावत नाहीये. तुझ्या शेताचं काय होणार ते नुसतं कळवतेय.

गुलअंदाम


आबान, तारीख १

तूबा,

तुझी चिठ्ठी मिळाली. मोजून दोन ओळी. "मजूर लाव. बरातअलीला माझा सलाम सांग." तीन वर्षांनी बहिणीला लिहायला बसलीस आणि सलाम पाठवलास तो कुणाला, तर ज्यानं तुझं शेत बुडवलं त्याला.

बरं, सांगितला सलाम. तो खूश झाला. तुझी तब्येत विचारत होता.

मजूर लाव म्हणे. मशहदमध्ये राहून माणूस किती विसरतं ते बघ. या दिवसांत कायेनच्या पंचक्रोशीत वाकू शकणारी प्रत्येक बाई आधीच कुणा ना कुणाच्या शेतात वाकलेली असते. मी दोन वाड्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी एक म्हातारी तयार झाली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "येईन की, पण मला दिसत नाही, रंग सांगावा लागेल." मी तिच्याकडे शलगम खाल्ले, चहा प्यायले आणि परत आले.

आज तुझ्या शेताच्या पूर्वेच्या कडेला सात फुलं उघडली. माझ्याकडे पाच. तू जिंकलीस, घे. ती सात मी तुझ्या जुन्या टोपलीत ठेवली, तळाला फडकं शिवलेलं आहे ना, त्याच.

सफर विचारत होता, "तूबानं हाजीला नक्की शब्द दिलाय का?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी कोण?" तो हसला. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस नको तिथेच हसतो.

एक सांगू? त्या वर्षीचं तुझं केशर वाईट नव्हतं. तू नेहमी सावलीत, जाळीच्या फडक्यावर वाळवतेस. वेळ लागतो, पण रंग आत राहतो. हे मी आधीही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, एवढंच.

गुलअंदाम


आबान, तारीख ७, दुपार

तूबा,

आज दोन्ही शेतं एकदम फुटली.

उजाडायच्या आधी बांधावर उभी राहिले, तर इकडून तिकडे सगळं जांभळं. बाबा असते तर टोपी काढून डोकं खाजवलं असतं. आनंद झाला की ते तेच करायचे. मी मात्र तिथेच मटकन बसले. एवढं दोन हातांनी उचलणार कोण?

आम्ही तुझ्या शेतापासून सुरुवात केली. सफर म्हणाला, "अगं, आपलं शेत पलीकडे आहे." मी म्हटलं, "माहितेय." तो टोपली घेऊन गुडघ्यांवरच सरकत राहिला. माहजबीन बांधावर बसून भरलेल्या टोपल्या चादरीवर ओतत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तुझं शेत झालं होतं. माझं निम्म्याहून जास्त तसंच राहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर फुलांनी माना टाकल्या. उद्या पुन्हा एवढीच उघडतील, परवाही.

आता फुलांचा ढीग खोलीत आहे, आणि मी तो सोडून तुला लिहितेय. बोटं पिवळी झाली आहेत, कागदालाही लागलंय. असू दे.

तूबा, बरातअलीनं काही केलं नाही. तो बिचारा मेहरच्या पहिल्या तारखेलाच डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मशहदला गेलाय. मशहद एवढं मोठं, तुला तो कशाला भेटतोय, असा मी विचार केला. पाळ्या हल्ली त्याचा जावई बघतो. त्याला मी म्हटलं, "तूबाच्या शेताचं दारही आजच उघड." तो म्हणाला, "खाला, ते दहा दिवसांनी ना?" मी म्हटलं, "मोठ्यांना शिकवू नकोस." दार उघडलं तेव्हा मी शेजारी उभी होते. भाकऱ्या वगैरे काही भाजत नव्हते. तुझं शेत अडचणीत आलं की तू धावत येशील, असं वाटलं. माझ्या शब्दावर तू आली नसतीस. आता माझ्या डोक्यामुळे दोघींची फुलं उन्हात जाताहेत.

आणि दुसरं. हे लिहायला मला तीन वर्षं लागली, म्हणून सरळ लिहिते.

लग्नाच्या त्या वर्षी माझं केशर मी छपरावर विसरले होते. दोन दिवस भर उन्हात. रंग उडून गेला होता. मी ते कुणाला सांगितलं नाही. आईच्या जुन्या चादरीच्या आपण दोघींनी पिशव्या शिवल्या होत्या ना, त्यातल्या माझ्या पिशवीत भरलं आणि लग्नघरी घेऊन आले. म्हटलं, तुझ्या केशराबरोबर तेही खपून जाईल. दोन्ही पिशव्या तुझ्या स्वयंपाकघरात फळीवर होत्या. खिरीला रंग चढेना तेव्हा मला खरंच वाटलं की आचाऱ्यानं तुझं टाकलंय. म्हणून ते बोलले.

तू बसमध्ये बसलीस त्या दुपारी मी तुझं घर झाडायला गेले. फळीवर एक पिशवी होती, भरलेली, न उघडलेली. गाठ डावखुरी. या गावात डाव्या हातानं गाठ मारणारी तू एकटी. म्हणजे त्या खिरीत माझं केशर होतं, तूबा. फिकं होतं ते माझ्या घरचं.

मी रस्त्यापर्यंत पळत आले होते. बस गेली होती. मग मला लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला, आणि रागावर तीन वर्षं निघून गेली. पिशवी पिठाच्या कोठीत, डब्यात बंद ठेवली आहे. गाठ सोडलेली नाही.

शेत विकायचं तर विक. पण हे माहीत असून विक.

संध्याकाळच्या बसनं ही पाठवतेय. परत वाचणार नाही, वाचली तर फाडीन.

तुझी
गुलअंदाम


आबान, तारीख २४

बाळ यदुल्ला,

खालाचा तुला आणि सुनेला सलाम. तुझी आई खुशाल आहे, नीट जेवते, आणि माझ्या घरात माझ्याच सुनेला माझ्याविरुद्ध भडकवते. तिचा निरोप असा की तिच्या खोलीतल्या फुलझाडाला पाणी घालत जा. आता माझं ऐक.

आठ तारखेच्या पहाटे मी शेतात वाकले होते. थोडं उजाडलं तेव्हा पलीकडच्या सरीत एक हात दिसला, खुडणारा. डावा हात. मी उभी राहिले. म्हटलं, "कधी आलीस?"

ती मान वर न करता म्हणाली, "बोलू नकोस, ऊन येतंय."

तीन वर्षांनी हेच पहिलं बोलणं. मग आम्ही दोघी ऊन येईपर्यंत खुडत राहिलो, आणि बाळ, त्या दिवशी एकही फूल राहिलं नाही, ना तिच्या शेतात ना माझ्या. तुझ्या आईचा हात अजून तसाच चालतो. मी एक खुडते तोवर ती दोन. हे तिला सांगू नकोस.

दुपारी सगळ्याजणी ढिगाभोवती बसलो, फुलं उकलून लाल काड्या काढायला. सनोबरही आली होती, तिच्या चहाड्यांसकट. तुझी आई, बहिणीला लाडानं हाक मारावी तशा एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरातअलीला माझा सलाम सांगितलास ना, आबजी?"

मी म्हटलं, "सांगितला की."

"काय म्हणाला?"

"खूश झाला."

"हो, खूशच होता. मी निघाले तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होता." मग सगळ्यांकडे वळून सांगायला लागली. "महिनाभर तो माझ्याकडेच उतरलाय. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आता सुईत दोरा ओवतो. आबजीची चिठ्ठी आली तेव्हा समोरच होता. मी त्याला सगळी वाचून दाखवली. शांतपणे ऐकलं त्यानं. शेवटी म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, पण गाढवाला सलाम मी घातलेला नाही."

माहजबीन इतकी हसली की मला भीती वाटली, बाळ तिथेच होतं की काय. सनोबरनं फुलांत तोंड खुपसलं. मी म्हटलं, "त्या चिठ्ठीतच कळलं होतं, तर तेव्हाच का नाही आलीस?"

"बघत होते, आणखी किती खोटं बोलतेस ते. साठीला आलीस, अजून जमत नाही तुला."

"मग आता का आलीस?"

त्यावर तिनं हातातलं फूल उकललं. म्हणाली, "माझं केशर वाईट नव्हतं असं लिहिलंस ना. म्हटलं, एवढं लिहिलंय म्हणजे आजारी असणार."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक तारखेची चिठ्ठी वाचून ती निघाली होती. सात तारखेची तिला मिळालीच नव्हती. वाटेत गोनाबादला दोन्ही बस चहाला थांबतात. तिथे माझी चिठ्ठी आणि तुझी आई एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या. मी जे तीन वर्षं गिळून बसले होते ते मशहदला तुझ्या घरी जाऊन पडलं, आणि ती इथे माझ्यासमोर बसून मला हसवत होती. त्याच दिवशी मी तुला लिहायला घेतलं होतं की ती चिठ्ठी जाळून टाक. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. रोज वाटायचं, आज तोंडानं सांगावं. रोज ती मला चिडवायची, मी हसायचे, आणि दिवस जायचा.

काल फुलं संपली. शेवटच्या फुलांच्या दिवशी खीर करतात, ते तुला आठवत असेल. अंगणात मोठं पातेलं चढलं. गावातल्या बायका होत्या, बरातअली नवे डोळे घेऊन परत आलाय तो होता, आणि हाजी मुकर्रमही येऊन बसला होता, टेप खिशात घालून. तुझ्या आईनं त्याला अजून हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. कुठल्या तोंडानं विचारणार?

तांदूळ शिजला, साखर पडली. सनोबरनं विचारलं, "केशर कुणाचं?" मी आत गेले, पिठाच्या कोठीतून डबा काढला आणि ती पिशवी तुझ्या आईच्या हातात दिली.

तिनं गाठ बघितली. आपलीच गाठ कुणाला कळत नाही? तिनं अंगठा त्या गाठीवरून फिरवला, मग कापड बघितलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळत गेलं, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं.   तुझ्या आईनं दातांनी गाठ सोडली. केशर तीन वर्षांपूर्वीचं, बाळ, पण वास आला तसा बरातअली ओट्यावरून उठून उभा राहिला. खडीसाखरेबरोबर कुटलं, गरम पाण्यात भिजवलं, आणि पाणी लाल झालं. सनोबर वाटी घेऊन पातेल्याशी गेली.

मी म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दोन चिमट्या कमीच टाक गं. तूबाच्या घरचं आहे."

सनोबर थांबली. तुझी आई पळीनं ढवळत होती, ढवळतच राहिली. डोळे पुसले, पण धुराचं निमित्त होतंच. मग म्हणाली, "तीन कमी."

खिरीला असा रंग चढला की हाजीनं दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी मागताना त्यानं शेताचं विचारलं. तुझी आई म्हणाली, "हाजी, ते कंद आता दाटले आहेत. उन्हाळ्यात उकरून, सुटे करून पुन्हा लावायचेत. आम्हा दोघींना सवड नाही, विकायचं कुठे घेऊन बसता?" त्यानं सोन्याचा दात दाखवला, वाटी पुढे केली आणि टेपचं नाव काढलं नाही. माझं विचारशील तर मी पाण्याचा माठ बघायला आत गेले आणि भरपूर रडले. आता बरं वाटतंय.

तर त्या सात तारखेच्या चिठ्ठीचं. ती जाळू नकोस. आजच्या बसनं इकडे पाठव. काल खीर झाल्यावर मी तुझ्या आईला सगळं तोंडानं सांगितलं, छपरावरच्या उन्हापासून रस्त्यापर्यंत पळाले तिथपर्यंत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "ऐकलं. आता मला ते लेखी पाहिजे."

तुझी
गुलअंदाम खाला